मांजराचा केस पोटात गेला तर? घरात कुत्रा-मांजर असेल तर नेमकं काय करायचं

आमच्याकडे चिंगी आली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती, सोसायटीच्या मीटर रूममध्ये बसून कोकलत होती, आणि तिला घरात आणून दहा मिनिटं झाली नसतील तोवर सासूबाईंनी सांगून टाकलं, "राहू दे हो, पण केसांचं बघा, मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो." नंतरच्या पाच वर्षांत हेच वाक्य मी इस्त्रीवाल्याकडून, शेजारच्या काकूंकडून, आणि एकदा तर रिक्षावाल्याकडून पण ऐकलंय, मांजर पिंजऱ्यात होतं तरी. मग मुलगा शिंकायला लागला आणि मला हा विषय बसून नीट समजून घ्यावाच लागला. त्यातून जे कळलं आणि घरात जे करून बघितलं ते लिहितेय.

आधी पोटाचं बोलू. केस म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची बनतात तेच. आपल्या पोटात ते पचतच नाही, त्यामुळे एखाददुसरा केस गेला तर जसा आत गेला तसा दुसऱ्या दिवशी बाहेर. दमा फुफ्फुसांचा आजार, अन्न जातं वेगळ्या नळीने, म्हणजे आमटीतून केस गिळला म्हणून दमा होण्याचा काही रस्ताच नाही. पण सासूबाईंना उडवून लावायचं नाही हां, कारण जुन्या बायकांनी बघितलं होतं ते खरंच होतं, मांजर असलेल्या घरात काही जणांना खरंच धाप लागते, फक्त त्याचं खापर त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर म्हणजे केसावर फोडलं. केस बिचारा नुसता टेम्पो आहे. टेम्पोत माल काय भरलाय ते बघायचं.

माल तीन प्रकारचा असतो. एक, जनावराची थुंकी आणि कातडीचा कोंडा, यातून अॅलर्जी होते. दोन, बुरशी, म्हणजे गजकर्ण. तीन, पिसवा, गोचीड आणि जंतांची अंडी. तिघांचे उपाय वेगळे, आणि बरीच माणसं इथेच घोळ घालतात, अॅलर्जी असते आणि जंताचं औषध देत बसतात, किंवा गजकर्ण असतं आणि सोफा धूत बसतात.

पहिली पायरी, आधी खरंच अॅलर्जी आहे का ते ठरवा

मांजराच्या अॅलर्जीला कारण असलेलं मुख्य प्रोटीन म्हणजे फेल डी वन. ते मांजराच्या थुंकीत आणि कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींमध्ये तयार होतं, मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं त्यामुळे ते सगळ्या अंगाला लागतं, वाळतं आणि बारीक पावडर होऊन उडतं. ही पावडर इतकी हलकी असते की तासन् तास हवेत तरंगते आणि कपड्यांना चिकटून शाळेत, ऑफिसात, ट्रेनमध्ये पण जाते, ज्या घरात कधी मांजर नव्हतं तिथल्या धुळीतही ती सापडलीय. कुत्र्याचं असंच कॅन एफ वन. म्हणून "आमचा कुत्रा केस गाळत नाही" याला अॅलर्जीच्या बाबतीत काही अर्थ नाही.

लक्षणं म्हणाल तर शिंकांची सरबत्ती, नाक गळणं, डोळे खाजून लाल, जनावराने चाटलं तिथे गांधी उठणं, आणि ज्यांना दमा आहे त्यांना छातीत शिट्टी वाजणं. ताप येत नाही. ताप असेल तर सर्दी-व्हायरल बघा, मांजराला मध्ये आणू नका.

आता आमची चूक सांगते. मुलगा शिंकतोय म्हणून आम्ही चिंगीला पंधरा दिवस माझ्या माहेरी चिपळूणला पाठवली, काहीच फरक पडला नाही, मग सगळे खूश, बघा मांजर नाहीच कारण. पण हा प्रयोगच चुकीचा होता! मांजर घरातून गेलं तरी गाद्या, सोफा, पडदे यात बसलेलं ते प्रोटीन कमी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात. म्हणजे पंधरा दिवसांत काहीच सिद्ध होत नाही, ना हो ना नाही. उलटं करायचं, मांजर तिथेच ठेवायचं आणि माणसाला आठवडाभर अशा घरी पाठवायचं जिथे प्राणी नाहीत. तिथे बरं वाटलं आणि परत आल्यावर तासाभरात सुरू झालं तर संशय पक्का. तरी शंभर टक्के नाहीच, कारण तुमच्या घरात मांजरासोबत ओल पण असू शकते.

आम्ही शेवटी अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्किन प्रिक टेस्ट केली. हातावर वेगवेगळे थेंब टाकतात, हलकेच टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी कुठे किती गांध उठली ते मोजतात, बास. लक्षात ठेवायची एकच गोष्ट, त्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या शिंका-खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर टेस्ट खोटी येते, डॉक्टरांना आधी फोन करून विचारा आणि दम्याची औषधं मनाने थांबवू नका. टोचून घ्यायचं नसेल तर रक्ताची टेस्ट पण असते. आमच्याकडे निकाल काय आला माहितीये, मांजराची गांध बारीकशी आणि धुळीतल्या माइट्सची, म्हणजे गाद्या-उशांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, टम्म. डोंबिवलीचा जुलै महिना, कापसाच्या गाद्या, भिंतीला ओल, आणि शिक्षा कोणाला तर चिंगीला. कोकण-मुंबई पट्ट्यात हे फार होतं, माइट्स, बुरशी आणि झुरळं ही तिन्ही अॅलर्जीची मोठी कारणं आहेत, पण ती मांडीवर येऊन बसत नाहीत ना, म्हणून नाव येतं मांजराचं.

आणि जाता जाता, फुफ्फुसांची एवढी काळजी असेल तर खिडकीतल्या कबुतरांचं बघा आधी. त्यांची पिसं आणि वाळलेली विष्ठा सतत श्वासात जाऊन काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत एवढं रण पेटलं त्याच्या मुळाशी हेच होतं. आमच्या विंगमध्ये मांजर नको म्हणणारेच रोज गॅलरीत कबुतरांना ज्वारी टाकतात.

घर साफ कसं करायचं, इथे खरी मेहनत आहे

सगळ्यात जास्त फायदा एका नियमाने होतो, ज्याला त्रास आहे त्याची झोपायची खोली जनावराला बंद. पूर्ण बंद. दुपारी पाच मिनिटं झोपलं तर काय होतंय, असं नाही. आपण रोज सात-आठ तास त्या उशीत नाक खुपसून असतो. मान्य आहे, वन बीएचकेमध्ये हे अवघड आहे, आमच्याकडे पहिले दहा दिवस चिंगी रात्री दार खरवडत होती आणि कोणीच झोपलं नाही, अकराव्या दिवशी तिने शू-रॅकवर संसार थाटला.

झाडू. फुलझाडूने कोरडं झाडलं की केस पुढे जातात आणि बारीक पावडर वर जाते, त्यात पंखा फुल स्पीडवर, म्हणजे सगळं घर पिठाच्या गिरणीसारखं. तर आधी पंखा बंद, मग ओल्या फडक्याने किंवा मॉपने पुसायचं, झाडायचंच असेल तर जमिनीवर पाण्याचा हलका हबका मारून. ज्याला अॅलर्जी आहे त्याने हे काम करायचंच नाही, नाइलाज असेल तर एन ९५ मास्क लावून. आपल्याकडे फरशी असते हे नशीब समजा, गालिचा अंथरलेल्या घरात हाच त्रास कितीतरी पट होतो, असेल तर गुंडाळून माळ्यावर टाका. पंख्याची पाती जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसायची, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवायची.

सोफ्यावरच्या केसांसाठी ते महागडे रोलर घेऊ नका. बाथरूमचा रबरी वायपर नवीन आणा, जरा ओला करा आणि सोफ्यावर एकाच दिशेने ओढा, केसांची वळकटी होऊन येते, बघून किळस आणि समाधान दोन्ही एकदम वाटतं. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज ओले करून हात फिरवला तरी चालतं. सोफ्यावर धुता येणारी जुनी चादर टाकून ठेवा, आठवड्याला ती धुवा, चादरी-अभ्रे साठ डिग्रीच्या गरम पाण्यात धुतले तर माइट्स पण मरतात, एका दगडात दोन पक्षी.

व्हॅक्युम घ्यायचा असेल तर हेपा फिल्टरवाला. साध्या व्हॅक्युममधून बारीक कण मागच्या बाजूने परत हवेत येतात. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. एअर प्युरिफायरने हवेतलं कमी होतं, पण गादीत बसलेलं तसंच राहतं, त्यामुळे पंधरा हजाराचं मशीन लावलं आणि मांजर उशीवर झोपतंय असं असेल तर पैसे वाया.

एक महत्त्वाचं, फरशी पुसताना पाण्यात फिनाइल टाकू नका, विशेषतः मांजर असेल तर. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराचं लिव्हर नीट हाताळू शकत नाही, ते ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं आणि आजारी पडतं. टी ट्री ऑइलचं पण तेच. साधा साबण किंवा डिटर्जंट पुरतो.

जनावराचं काय करायचं

रोज नाहीतर एक दिवसाआड ब्रश. गॅलरीत किंवा टेरेसवर, घरातल्या अॅलर्जी नसलेल्या माणसाने, आणि नंतर तो टीशर्ट सरळ धुवायला. निघालेले केस पिशवीत बांधून कचऱ्यात, खाली सोडून देऊ नका, अर्ध्या सोसायट्यांची भांडणं तिथूनच सुरू होतात. हस्की, गोल्डन, पामेरियन यांना दोन थरांचे केस असतात, उन्हाळा आला म्हणून त्यांचं टक्कल करू नका, तो थर उन्हापासून पण वाचवतो, आणि अॅलर्जीला टक्कल केल्याने काही फरक पडत नाही कारण कोंडा आणि थुंकी तशीच राहते.

कुत्र्याला अंघोळ घातली की अॅलर्जीचं प्रोटीन कमी होतं खरं, पण दोन-तीन दिवसांत परत पहिल्यासारखं, आणि रोज अंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून उलट कोंडा वाढतो. मांजराला अंघोळ घालायचा प्रयत्न मी एकदा केला. परत करणार नाही. ओल्या कपड्याने अंग पुसणं दोघांना झेपतं. बोका असेल तर त्याचं ऑपरेशन करून घ्या, न केलेल्या बोक्यात फेल डी वन जास्त तयार होतं, शिवाय भिंतीवर फवारे मारणं पण थांबतं.

नवीन कुत्रा घेताय आणि विकणारा म्हणतोय की ही जात हायपोअॅलर्जेनिक आहे, म्हणजे हिच्यामुळे अॅलर्जी होत नाही, पूडल आहे, शिह त्झू आहे, घ्या बिनधास्त, तर त्याला नमस्कार करा. २०११ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या लोकांनी १७३ घरांतली धूळ तपासली, तर अशा जातींच्या आणि साध्या कुत्र्यांच्या घरात कुत्र्याच्या प्रोटीनचं प्रमाण सारखंच निघालं. जातीवर जाऊ नका, जो प्राणी आणणार त्याच्यासोबत त्या माणसाला दोन-तीन वेळा तास-दोन तास बसवा आणि मग ठरवा.

गजकर्ण, म्हणजे दुसरा माल

केसांतून माणसाला सरळ लागू शकतो असा आजार म्हणाल तर हा. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी, मांजराच्या पिल्लांमध्ये जास्त दिसते. पिल्लाच्या कानावर, नाकाजवळ, पंज्यांवर केस गेलेले गोल चट्टे आणि भुसा पडल्यासारखी कातडी दिसली तर थेट व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे. कधीकधी मोठ्या मांजराला बाहेरून काहीच दिसत नाही आणि घरातल्यांच्या हातावर मात्र लाल कडा असलेली खाजरी वर्तुळं उठतात. गळलेल्या केसांवर ही बुरशी वर्षभराहून जास्त जिवंत राहू शकते, म्हणून इथे मात्र केस उचलणं ही नुसती टापटीप नाही, उपचाराचाच भाग आहे.

करायचं काय, तर जनावराला वेगळ्या, सहज धुता येईल अशा खोलीत ठेवायचं, व्हेटने दिलेलं औषध पूर्ण कोर्स द्यायचं, केस आधी उचलून मग डिटर्जंटने धुवायचं आणि नंतर ३२ भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच घालून फरशी पुसायची. तेवढा वेळ जनावर दुसरीकडे, खिडक्या उघड्या, आणि ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो.

माणसाने मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं नाही, हात जोडून सांगते. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते, वर्तुळ फिकं पडतं आणि खाली बुरशी मजेत पसरते. स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि घरात प्राणी आहे हे आवर्जून सांगा. दुसरी बाजू पण सांगते, आपल्याकडे हल्ली जांघेत, कमरेवर जे चिवट गजकर्ण घराघरात फिरतंय ते बहुतेक वेळा माणसाकडून माणसाकडे येतं, एकच टॉवेल, घामेजलेली घट्ट जीन्स, न वाळलेले कपडे. त्यासाठी मांजराला घराबाहेर काढून काही होणार नाही.

पिसवा, गोचीड, जंत

पिसवा आहेत का ते बघायची सोपी युक्ती, बारीक दातांच्या फणीने विंचरा, काळे दाणे निघाले तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. दाण्याभोवती तांबूस-लालसर पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त, नुसती माती असेल तर तसं होत नाही. ही घाण मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून कॅट स्क्रॅच नावाचा ताप आणि गाठींचा आजार होऊ शकतो, त्यामुळे ओरखडा आला की लगेच साबणाने धुवायचा.

गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यात सत्तरीकडे राहत असाल तर जरा जास्त काळजी, तिथे जंगलातल्या गोचिडीतून माकडताप येतो आणि रानात भटकून आलेला कुत्रा गोचीड अंगावर घेऊन घरी येऊ शकतो. गोचीड चावल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ती गोष्ट सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. आणि कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराच्या जिवावर बेततं.

जंतांची अंडी केसांवर असू शकतात, पण ताजी अंडी लगेच लागत नाहीत, कुत्र्या-मांजराच्या गोल जंतांच्या अंड्यांना लागण करण्याइतकं तयार व्हायला मातीत दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे कुत्र्याला कुरवाळण्यापेक्षा बागेतल्या मातीत खेळून हात न धुता चिवडा खाणं जास्त धोक्याचं. पिल्लांना दोन आठवड्यांचं वय झालं की व्हेटला विचारून जंताचं औषध सुरू करायचं, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी.

गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर

माझ्या जाऊबाईंना दिवस गेले तेव्हा घरात फॅमिली मीटिंगच भरली होती, मांजर बाहेर काढायचं म्हणून. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका परजीवीची, आणि ती भीती खोटी नाहीये, फक्त त्याचा रस्ता केस नाही, मांजराची शी आहे. त्यातली अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्यालायक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून लिटर ट्रे रोज साफ व्हायला पाहिजे आणि तो दुसऱ्या कोणीतरी करायचा, आमच्याकडे हे काम दिरांवर आलं. त्याशिवाय मटण नीट शिजवलेलं, कोथिंबीर-काकडी स्वच्छ धुतलेली, कारण लागण तिथूनही होते. रेबीजचं पण तसंच, तो चाव्यातून, ओरखड्यातून किंवा जखमेवर लाळ लागून होतो, केसातून नाही. चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवून थेट इंजेक्शनला.

बाळ आल्यावर पाळण्यात जनावर नको, एकटं सोडायचं नाही, एवढं पुरे. फिनलंडमध्ये कुओपिओला ३९७ बाळांचा पहिलं वर्षभर अभ्यास केला होता, २०१२ मध्ये छापून आला, त्यात कुत्रा असलेल्या घरातली बाळं सर्दी-खोकल्याने कमी आजारी पडलेली दिसली. म्हणून बाळासाठी मुद्दाम कुत्रा आणा असं मी म्हणणार नाही, पण घाबरून असलेला काढू पण नका. गंमत म्हणजे तान्ह्या बाळाला केसांचा एक खरा धोका असतो आणि तो बहुतेक वेळा आईच्याच केसांचा, बाळंतपणानंतर आईचे केस खूप गळतात, एखादा मोज्यात शिरून बाळाच्या पायाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो आणि रक्त अडतं. बाळ उगाच कळवळून रडत असेल तर मोजे काढून बोटं बघा.

हे सगळं करून पण जमलं नाही तर

रात्री धाप लागून जाग येणं, शिट्टी वाजणं, दम्याचा पंप (इनहेलर) वारंवार लागणं, असं असेल तर घरगुती उपाय बास, छातीच्या डॉक्टरकडे जा. पंपची सवय लागते म्हणून तो टाळणारे लोक बघितले की मला मांजरापेक्षा त्यांचीच काळजी वाटते. केमो चालू असलेले, अवयव बदललेले लोक यांनी पण आपल्या डॉक्टरशी आधी बोलून घ्यावं. आणि सगळं करून, औषधं नीट घेऊन सुद्धा दमा आटोक्यात येत नसेल तर जनावराला दुसरं चांगलं घर शोधून देणं यात काही वाईट नाही, माझं स्पष्ट मत आहे. पण घर शोधून. गोणीत घालून मासळी बाजारात सोडून येणं नाही, १९६० च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यात तो गुन्हा आहे. आणि जनावर गेल्यावर गाद्या-पडदे धुतले नाहीत तर पुढचे काही महिने शिंका तशाच राहतील, तेव्हा लगेच निकाल लावू नका.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. जेवणात केस आला तर काढा आणि जेवा. डोळ्यात गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, तरी टोचत राहिलं तर डोळ्यांचा डॉक्टर. मशीनमध्ये कपडे टाकायच्या आधी गॅलरीत झटकून घ्या, ओला झालेला केस कपड्यात असा रुततो की मग निघत नाही, आणि मशीनची जाळी दर वेळी साफ करा, आमची एकदा चिंगीच्या केसांनीच तुंबली होती, दुरुस्तीवाल्याने बोळा बाहेर काढून विचारलं, "ताई, स्वेटर धुतला का?"